हा मधला कोण?

काही वर्षांपूर्वी चोरबाजारातून एक तबकडी घरी आणली आणि जागा सापडेपर्यंत पुस्तकांच्या कपाटाला टेकवून खाली फरशीवर ठेवली. साताऱ्याहून आलेली आत्या खोलीत शिरली आणि थबकली. वाकून तिने तबकडीचं वेष्टन उचललं, पदराने पुसलं आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. "देवाचं चित्र असं खाली ठेवतात का रे? पाय लागेल कुणाचा तरी." मग चष्मा सावरून तिने ते जवळून पाहिलं. "आणि हा मधला कोण? विष्णूला मिशी कधीपासून आली?"

मधला जिमी हेंड्रिक्स होता. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा, कृष्णवर्णीय, लंडनमध्ये येऊन नावारूपाला आलेला गिटारवादक. त्याच्या जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरिअन्स या त्रिकुटाचा हा दुसरा अल्बम, 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह', लंडनच्या ट्रॅक रेकॉर्ड्सने १ डिसेंबर १९६७ला काढला. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. मुखपृष्ठावर विश्वरूप आहे. मागे नागाचा फणा, हातांचा आणि मुखांचा विस्तार, भोवती देवादिकांची आणि भक्तांची दाटी. आपल्याकडच्या कोणत्याही पूजासाहित्याच्या दुकानात काचेच्या फ्रेमसह मिळावं असं चित्र. फक्त मध्यभागी, जिथे भगवंताचं मुख असायचं तिथे, हेंड्रिक्सचा चेहरा आहे आणि त्याच्या आजूबाजूला ड्रमवादक मिच मिचेल आणि बासवादक नोएल रेडिंग.

आत्याला मी थातुरमातुर उत्तर दिलं. तिचा प्रश्न मात्र गेला नाही. अल्बमचं नाव आणि मुखपृष्ठ यांचा अर्थ लावायचा म्हणजे शेवटी हेच विचारायचं असतं: मधला कोण, त्याला तिथे कुणी बसवलं, आणि तिथे आधी जो होता त्याचं काय झालं?

बसवणारी माणसं माहीत आहेत. डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ या दोघा इंग्रज कलाकारांनी हे मुखपृष्ठ केलं. बाजारात छापील मिळणारं एक हिंदू धार्मिक चित्र घेतलं, कार्ल फेरिसने काढलेल्या छायाचित्रावरून लॉने त्रिकुटाचे चेहरे रंगवले आणि ते त्यात बेमालूम मिसळून दिले. हेंड्रिक्सला हे पसंत पडलं नाही. या मुखपृष्ठाशी आम्हा तिघांचा काही संबंध नाही, असं त्याने नंतर साफ सांगितलं. इंडियनच दाखवायचे होते तर अमेरिकन इंडियन दाखवायला हवे होते, हे त्याचं म्हणणं. त्याच्या आजीकडून चेरोकी रक्त आल्याचं घरात सांगत, आणि त्या वारशाचा त्याला अभिमान होता. याच अल्बममधल्या 'कासल्स मेड ऑफ सॅण्ड' या गाण्यात एका इंडियन मुलाची गोष्ट आहे. तो मुलगा अमेरिकेच्या रानातला आहे, गंगाकाठचा नव्हे.

रसिकांमध्ये या प्रकाराची एक आख्यायिका सांगतात. हेंड्रिक्स 'इंडियन' म्हणाला आणि लंडनच्या मंडळींनी भारत ऐकला. आख्यायिका म्हणूनच घ्या, पण तिच्यातला विनोद थोर आहे. १४९२ साली कोलंबस भारत शोधायला निघाला, भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला. त्यानंतर बरोबर ४७५ वर्षांनी लंडनमध्ये तीच चूक उलट्या दिशेने झाली. चेरोकी आजीच्या नातवाला इंडियन म्हणून जे चित्र मिळालं, ते खऱ्या इंडियाचं. आपण मराठी माणसांनीही ती चूक इंग्रजीतून जशीच्या तशी उचलली आणि पिढ्यानपिढ्या 'रेड इंडियन' म्हणत राहिलो. आपलंच नाव दुसऱ्याला चिकटवलं गेलंय, याचं आपल्याला कधी नवल वाटलं नाही.

तेव्हाचं लंडन भारताच्या नादाला लागलेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीटल्स महर्षी महेश योगींना भेटले. त्याआधी मेअखेरीस आलेल्या त्यांच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावरच्या गर्दीत परमहंस योगानंद आणि लाहिरी महाशय आहेत. त्या गर्दीत गांधीजीही असायचे होते. भारतात लोकांच्या भावना दुखावतील आणि धंदा बसेल, या धास्तीने ईएमआय कंपनीने त्यांना काढायला लावलं. या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. गांधी गर्दीत एक चेहरा म्हणून उभे राहणार, तर कंपनीला धडकी भरते. विष्णूचं मुखच बदलून टाकलं, तर कुणाला काही वाटत नाही. गांधींच्या मागे एक देश आणि एक बाजारपेठ उभी होती. कॅलेंडरवरच्या देवामागे कुणी उभं आहे, असं लंडनला वाटलं नाही. तो त्यांच्या लेखी रंगीत कागद होता. पुढे या मुखपृष्ठाबद्दल हिंदूंनी नाराजी व्यक्त केली, मलेशियात त्यावर बंदीही आली, पण ते सारं फार नंतर.

इथे एक अडचण आहे, आणि ती आपली आहे. हा रंगीत कागद आपणच बाजारात आणला. चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा हा छापखाना काढला तो १८७८ साली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे एका जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशरने, तो विकत घेतला. शिळाछापाच्या दगडावर एकेक रंग चढवत देव घरोघरी पोचले. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. सोबतीला काडेपेटी, साबण, बेबीफूड यांच्या जाहिराती आल्या. 'अ‍ॅक्सिस'साठी वापरलेलं चित्र याच जातकुळीचं. म्हणजे लंडनच्या कलाकारांनी गाभाऱ्यात शिरून मूर्ती पळवली नव्हती. छापून विकलेली वस्तू घेतली होती.

देवाला माणसाचा चेहरा देणं हेही आपल्याला नवं नाही. रविवर्म्याच्या देवींना हाडामांसाच्या बायकांचे चेहरे आहेत. चित्रकार मुळगावकरांचे राम-कृष्ण पाहून कोणता नट आठवतो यावर घरोघरी पैजा लागत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं दलाल-मुळगावकरांनी गाजवली ती याच कौशल्यावर. मग हेंड्रिक्सने काय घोडं मारलं?

फरक आहे, आणि तो बारीक आहे. रविवर्म्यापुढे बसलेल्या बाईचा चेहरा चित्रात विरघळतो आणि देवी उरते. तिचं नाव कुणी विचारत नाही. 'अ‍ॅक्सिस'वर देव विरघळतो आणि चेहरा उरतो. माणूस देवाच्या कामी येणं आणि देव माणसाच्या जाहिरातीच्या कामी येणं, या दोन उलट क्रिया आहेत, तंत्र एकच असलं तरी. आत्याला ते मिशीवरून कळलं.

आता नावाकडे येतो. 'अ‍ॅक्सिस' म्हणजे अक्ष. या नावाबद्दल हेंड्रिक्सने दिलेलं स्पष्टीकरण साधं होतं: पृथ्वीचा अक्ष फिरला की जगाचा चेहराच बदलतो, नव्या संस्कृती उभ्या राहतात, आणि प्रेमात पडलेल्या माणसाचं हेच होतं. नाव आणि चित्र असे दोन वेगळ्या टोकांकडून आले. नाव गाणाऱ्याच्या डोक्यातून आलं, चित्र कंपनीच्या टेबलावरून. त्यांची गाठ वेष्टनावरच पडली.

पण गाठ पडली ती अशी की योगायोगाने तोंडात बोट घालावं. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिसतं ते काय? जगाचा चेहरा बदलणं. सारी विश्वं एका देहात, चंद्रसूर्य डोळ्यांच्या जागी, सगळं त्या एका मध्याभोवती. अक्षाचं चित्र काढा म्हटलं असतं, तर भारतीय परंपरेत याहून नेमकं चित्र मिळालं नसतं. हेंड्रिक्सला ते माहीत नव्हतं, आणि किंग-लॉ अक्षाचा अर्थ शोधत चित्राकडे गेले असंही दिसत नाही.

मराठीत तर हा योगायोग आणखी खोल जातो. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'पृथ्वीचा आस कललेला आहे' असं वाक्य असतं. बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणारा दांडाही आसच. आणि पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला विठ्ठलाच्या भेटीची लागते तीही आस. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. एकाभोवती चाक फिरतं, दुसरीभोवती माणूस. अक्ष आणि प्रेम यांची जोडी लावायला हेंड्रिक्सला सबंध मथळा लागला. मराठीत एका शब्दाचं लिंग बदललं की काम होतं. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत हे मला ठाऊक आहे. पण या वेष्टनावरचं नाव आणि चित्रही वेगवेगळ्या घरचीच आहेत. एकत्र आल्यावर त्यांच्यात जे घडतं, ते कुळाचा दाखला मागत नाही.

ऐकायला बसलं की हा आस कानाला कळतो. अल्बमची सुरुवात उडत्या तबकड्यांवरच्या एका लुटुपुटीच्या मुलाखतीने होते आणि लगेच गिटारचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानात, पुन्हा पहिल्यात, असा भोवती घिरट्या घालू लागतो. शेवटचं गाणं 'बोल्ड अ‍ॅज लव्ह'. त्यात भावनांना रंग दिले आहेत, राग जांभळा, मत्सर हिरवा, आणि सगळे रंग त्या अक्षापाशी जमा होतात. गाणं संपतंय असं वाटत असताना ड्रम पुन्हा उसळतो आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमरच्या करामतीने आवाज आतबाहेर पिळवटल्यासारखा फिरू लागतो. डोळे मिटले तर मध्य आपणच असतो. विश्वरूपाचा काही अंश या अल्बममध्ये असलाच, तर तो मला मुखपृष्ठावर नव्हे, इथे सापडतो.

म्हणून 'कलाकाराच्या मनात काय होतं' या एका किल्लीने मुखपृष्ठ उघडत नाही. कलाकाराच्या मनात हे चित्र नव्हतंच. पण म्हणून 'अर्थ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत' असं म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. अर्थ आपोआप जुळून येतो तेव्हाही कुणाला तरी बाजूला सारलेलं असतं. इथे दोघांना सारलं गेलं. ज्याचं चित्र होतं तो देव, आणि ज्याचा चेहरा होता तो गायक. पुढच्याच वर्षी 'इलेक्ट्रिक लेडीलॅण्ड'च्या वेळी हेंड्रिक्सने कंपनीला पत्र लिहून आपल्याला हवं ते मुखपृष्ठ सांगितलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, अ‍ॅलिसच्या पुतळ्यावर लहान मुलांसोबत बसलेल्या त्रिकुटाचं, लिंडा ईस्टमनने काढलेलं छायाचित्र. ते कुणी मनावर घेतलं नाही. ब्रिटनमध्ये तो अल्बम नग्न स्त्रियांच्या घोळक्याचं छायाचित्र लेवून बाहेर पडला. गिटारवर ज्याचा शब्द अखेरचा होता, त्याचा आपल्या वेष्टनावर शब्द चालत नव्हता.

या कथेला एक शेपूट आहे. देवाच्या जागी चेहरा बसवणाऱ्या डेव्हिड किंगने पुढचं आयुष्य चेहरे पुसण्याच्या अभ्यासात घालवलं. स्टालिनच्या काळात मर्जीतून उतरलेल्या माणसांना छायाचित्रांतून कसं नाहीसं केलं गेलं, याचे पुरावे त्याने वर्षानुवर्षं गोळा केले आणि १९९७ साली 'द कोमिसार व्हॅनिशेस' हे पुस्तक काढलं. चित्रातला चेहरा बदलणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

हे मुखपृष्ठ येण्याआधीची, १८ जून १९६७ची एक नोंद इथे हवी. कॅलिफोर्नियात माँटेरीच्या महोत्सवात त्या दिवशी दुपारी पंडित रविशंकर वाजवून गेले आणि रात्री हेंड्रिक्सने रंगमंचावर आपली गिटार पेटवली. ते पाहून रविशंकरांना फार दुःख झालं. वाद्याला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. हेंड्रिक्सच्या लेखी जाळणं हाही अर्पणाचाच प्रकार होता. दोघांनाही वाद्य पवित्र, पण पावित्र्याची भाषा निराळी. साडेपाच महिन्यांनी आलेल्या मुखपृष्ठासाठी कंपनीने मात्र यातली कोणतीच भाषा बोलून पाहिली नाही.

गीतेत विश्वरूप पाहून अर्जुन आनंदत नाही, घाबरतो. पुरे झालं, तुझं ते नेहमीचं रूप दाखव, असं विनवतो, आणि भगवंत पुन्हा सौम्य रूप घेतात. अकराव्या अध्यायातली मला सर्वांत जवळची जागा तीच. 'अ‍ॅक्सिस'मध्ये अदलाबदल अशी की ती विनवणी पाहणाऱ्याने केली नाही, चित्रातल्या माणसाने केली: हा मी नव्हे, माझं ते साधं रूप द्या. त्याला ते देणारं कुणी नव्हतं. १८ सप्टेंबर १९७० रोजी, अठ्ठाविसावं पुरं व्हायच्या आत, तो लंडनमध्ये गेला.

वेष्टन पुस्तकासारखं उघडतं. आत कृष्णधवल छायाचित्र आहे. ना फणा, ना हातांची गर्दी, नुसते त्या तिघांचे चेहरे. आत्या पुढच्या खेपेला आली तेव्हा मी तिला ते उघडून दाखवलं. बराच वेळ ती पाहत राहिली. "हा होय," म्हणाली. "पोरगेलाच आहे की." मग वेष्टन मिटून तिने पुन्हा वरच्या फळीवर ठेवलं. ते देवासाठी की पोरासाठी, हे मी विचारलं नाही. तबकडी तेवढी बाहेर काढून घेतली आणि मधल्या आसावर बसवली.