आतून कडी, बाहेरून कुलूप

सामान्य काळातील तेविसावा रविवार (वर्ष क)
वाचने : शलमोनाचा ज्ञानग्रंथ ९:१३-१८, फिलेमोन ९-१०, १२-१७, लूक १४:२५-३३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दोन छोटे दाखले देतो. एक माणूस खर्चाचा हिशेब न करताच बुरूज बांधायला काढतो. पाया घालून होतो आणि पैसा संपतो. जाणारे-येणारे त्याला हसतात. दुसऱ्या दाखल्यात एक राजा आहे. त्याच्याकडे दहा हजारांचे सैन्य आहे, आणि समोरून वीस हजार चालून येत आहेत. तो आधी खाली बसून विचार करतो. निभाव लागणार नाही असे दिसले, तर शत्रू दूर आहे तोवरच दूत पाठवून तहाची बोलणी सुरू करतो.

प्रभूने हे दाखले राज्यकारभार शिकविण्यासाठी सांगितले नाहीत. शिष्य होण्याची किंमत काय, हे सांगण्यासाठी ते आहेत. तरीही बुरूज आणि सैन्य यांच्या गोष्टी ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर आजचे जग उभे राहिल्याशिवाय राहत नाही. आज आपण उत्तर कोरिया या देशाविषयी थोडे चिंतन करू या. त्याचे नाव आपण फक्त बातम्यांत ऐकतो, तेही अग्निबाण उडाला की.

५ एप्रिल २००९ हा झावळ्यांचा रविवार होता. आपण हातात झावळ्या घेऊन, गाढवावर बसून यरुशलेमेत येणाऱ्या शांतीच्या राजाचा जयजयकार करीत होतो. त्याच सकाळी उत्तर कोरियाने उन्हा-२ नावाचा लांब पल्ल्याचा अग्निबाण सोडला आणि तो जपानवरून पुढे गेला. त्याच दिवशी प्राग शहरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा अण्वस्त्रमुक्त जगाविषयी भाषण करीत होते. उत्तर कोरियाने जाहीर केले की आमचा उपग्रह कक्षेत पोहोचला असून तो देशाच्या नेत्यांची गाणी प्रक्षेपित करीत आहे. अमेरिका आणि दक्षिण कोरिया म्हणाले की कक्षेत काहीही पोहोचलेले नाही, सारे समुद्रात पडले.

आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. रात्रीच्या जेवणानंतर आमच्यात तावातावाने चर्चा झाली. अग्निबाणाचा पल्ला किती, कोण कोणाला भारी, अमेरिका आता काय करील. पण त्या देशात राहणाऱ्या कोट्यवधी माणसांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणावी, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. आज ही कबुली देताना संकोच वाटतो.

पुढे काय घडले ते थोडक्यात पाहू. १३ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निषेध केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर कोरियाने सहा देशांच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतले आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना घालवून दिले. २५ मे रोजी त्याने दुसरी अणुचाचणी केली. निषेध, निर्बंध, चाचणी, पुन्हा निर्बंध, हे रहाट असेच फिरत राहिले. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांचा उपग्रह खरोखरच कक्षेत पोहोचला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सोडलेले क्षेपणास्त्र सुमारे ४,४७५ किलोमीटर उंच जाऊन समुद्रात पडले. तेच उंच न उडवता दूर रोखले असते, तर अमेरिकेतील शहरे त्याच्या टप्प्यात आली असती, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला.

भीती ही कशी गोष्ट आहे पाहा. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी हवाई बेटांवरील लोकांच्या मोबाइलवर संदेश आला की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या. लोक लेकरांना कवटाळून न्हाणीघरात, तळघरात लपले. तो संदेश चुकून गेला होता, हे त्यांना ३८ मिनिटांनी कळविण्यात आले. कोणताही अग्निबाण उडालेला नव्हता. तरी ती ३८ मिनिटे त्या आईबापांसाठी खरीच होती.

आता एक प्रश्न. उपग्रह नेणारा अग्निबाण आणि बॉम्ब नेणारे क्षेपणास्त्र यांत फरक काय? यंत्राच्या दृष्टीने फार थोडा. म्हणूनच उत्तर कोरिया ‘उपग्रह’ म्हणतो तेव्हा शेजारी ‘क्षेपणास्त्र’ असे ऐकतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला संत थॉमस अक्वायनस शिकविताना सांगत, की कृतीचे मोल ठरविताना तीन गोष्टी पाहाव्यात : कृती कोणती, हेतू कोणता आणि परिस्थिती कोणती. यंत्र डोळ्यांना दिसते. हेतू दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि जिथे विश्वासच उरलेला नाही, तिथे खरे बोललेलेही खोटे वाटते.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याच देशातील, आपल्याच धर्मसभेतील एक गोष्ट आठवू या. केरळच्या किनाऱ्यावर थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा तिथून जवळून जाते, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांना अग्निबाण सोडण्यासाठी तीच जागा हवी होती. पण तिथे संत मरिया माग्दालेना हिचे चर्च उभे होते. त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी ही मागणी धर्मग्रामस्थांपुढे ठेवली. लोकांनी होकार दिला. घरे दिली, चर्च दिले. त्या चर्चमध्ये शास्त्रज्ञांचे काम सुरू झाले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण आकाशात गेला. त्याचा खालचा टप्पा मुळात अमेरिकेच्या एका विमानविरोधी क्षेपणास्त्रासाठी तयार झालेला होता! तेच साधन वरच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी वापरले गेले. फ्रान्सने उपकरण दिले, रशियाने मदत केली, आणि १९६८ साली ते केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आले. चर्चची ती वास्तू आज अंतराळ संग्रहालय म्हणून उभी आहे.

तलवारीचा नांगर होतो तो असा. थुंब्याला दार उघडे होते, कोणीही येऊन पाहू शकत होते, म्हणून अग्निबाणाचे कोणाला भय वाटले नाही.

मात्र आपण स्वतःची पाठ फार थोपटून घेऊ नये. आपल्या एसएलव्ही-३ या उपग्रह नेणाऱ्या अग्निबाणाचाच पहिला टप्पा १९८९ साली ‘अग्नी’ क्षेपणास्त्राला लावण्यात आला. एप्रिल २०१२ मध्ये उत्तर कोरियाचा अग्निबाण कोसळला आणि जगाने निषेध केला. सहा दिवसांनी आपण ‘अग्नी-५’ उडविले आणि आपण पेढे वाटले. दोन्ही देशांचा कारभार सारखा नाही, हे उघड आहे. उत्तर कोरियात आपल्याच जनतेवर मानवतेविरुद्ध गुन्हे होत आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली स्पष्ट नोंदविले. १९९० च्या दशकात त्या देशात लाखो माणसे भुकेने मेली, तरी बुरुजाचे बांधकाम थांबले नाही. हा अन्याय आहे, आणि त्याला अन्याय म्हणायला आपण कचरता कामा नये. पण शस्त्रावरचा भरवसा हा फक्त एकाच देशाचा रोग नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात हेच शिकविले, की खरी शांती शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, तर परस्परांवरील विश्वासावर उभी राहते.

प्रिय भाविकांनो, हा देश जगापासून तुटला कसा? १९५० साली कोरियात युद्ध पेटले. २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी झाली, पण शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. युद्धबंदीनंतर घरी परत जायला नकार देणाऱ्या हजारो कैद्यांना सांभाळण्याचे काम आपल्या भारतीय सैनिकांनी जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली केले. दोन्ही बाजूंना चालेल असा कोणीतरी मध्ये लागतो, तो तेव्हा आपला देश झाला. पुढे मात्र उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांनी दाराला आतून कडी घातली, आणि जगाने बाहेरून कुलूप लावले. कडी घालणारा म्हणतो, कुलूप आहे म्हणून कडी. कुलूप लावणारा म्हणतो, कडी आहे म्हणून कुलूप. दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे. आणि घरात कोंडली गेली आहेत ती बायकापोरे, ज्यांना कोणी काही विचारले नाही.

त्या कोंडलेल्यांत आपलेही भाऊबंद आहेत. एकेकाळी उत्तरेत ५७ धर्मग्राम होते. प्योंगयांगचे बिशप फ्रान्सिस होंग योंग-हो यांना १९४९ साली पकडून नेले, ते परत आले नाहीत. तरीही २०१३ पर्यंत व्हॅटिकनच्या वार्षिक ग्रंथात प्योंगयांगचे बिशप म्हणून त्यांचेच नाव छापले जात होते. पवित्र धर्मसभा साठ वर्षांहून अधिक काळ त्यांची वाट पाहत होती! प्योंगयांगमध्ये १९८८ साली चर्च बांधले गेले, पण तिथे राहणारा धर्मगुरू नाही. दक्षिणेतील आपल्या बांधवांनी त्या ५७ धर्मग्रामांची नावे विसरू दिली नाहीत. एकेक जण त्यांतील एक धर्मग्राम आपल्या हृदयात ठेवतो आणि त्यासाठी प्रार्थना करतो. ज्या चर्चला आज छप्पर नाही, त्याच्यासाठी कोणीतरी दररोज गुडघे टेकतो.

पोप फ्रान्सिस ऑगस्ट २०१४ मध्ये सोलला आले, त्याच दिवशी उत्तरेने समुद्रात अग्निबाण सोडले. पोपमहोदयांनी दौऱ्याच्या अखेरच्या मिस्सात, पेत्राने प्रभूला किती वेळा क्षमा करावी असे विचारले होते, त्या प्रसंगावर प्रवचन केले. आणि मेरीनॉल संघाचे फादर जेरार्ड हॅमंड हे अमेरिकन धर्मगुरू क्षयरोगाची औषधे घेऊन अनेक वेळा उत्तरेत जाऊन आले. ज्या देशाला शत्रू मानले जाते, त्याच देशाचा हा माणूस रुग्णाच्या दारी उभा राहिला. दाखल्यातील राजाने पाठविलेला दूत म्हणजे हाच नव्हे काय?

आजचे दुसरे वाचन हे तर दारावरची थापच आहे. अनेसिम हा फिलेमोनाच्या घरून निघून गेलेला दास. संत पौल त्याला परत पाठवितो आणि फिलेमोनाला विनवितो, की याला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरात घे. कायदा फिलेमोनाच्या बाजूने होता. पौल त्याला कायदा सोडून भाऊ मिळव, असे सांगतो. दक्षिण कोरियात १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी उत्तरेतील आपल्या नातलगांना भेटण्यासाठी नावे नोंदविली होती. त्यांतील बहुतेक जण वाट पाहतच देवाघरी गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये काहींची भेट घडली. पासष्टहून अधिक वर्षांनी आई आणि मुलगा समोरासमोर आले, मोजक्या तासांसाठी. त्यानंतर तशी भेट झालेली नाही.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. आपल्याकडे अग्निबाण नाहीत, पण कडी-कुलपे आहेत. शेताच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वडिलांच्या घराच्या हिश्श्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, एक उजव्या बाजूने ख्रिस्तशरीर घेतो, दुसरा डाव्या. “तो आधी आला तर मी बोलेन,” असे दोघेही म्हणतात. दोघांकडे आपापला हिशेब आहे, आणि तो बहुधा बरोबरही असतो. पण त्या हिशेबाचा बुरूज बांधता बांधता किती आयुष्य खर्ची पडले, हे मोजायला कोणी खाली बसत नाही.

आम्हीही याला अपवाद नाही. आपल्याच धर्मग्रामात एक घर असे आहे, जिथे आमचा अपमान झाला असे आम्हांला वाटले, आणि त्यानंतर दोन वर्षे घरांना आशीर्वाद देण्याच्या वेळी आम्ही ते दार टाळून पुढे गेलो. कोणते घर ते सांगण्याचे कारण नाही. हे प्रवचन लिहिताना मात्र ते दार सारखे डोळ्यांसमोर येत राहिले. प्रभू म्हणतो, सर्वस्वाचा त्याग केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही. पैसाअडका सोडणे त्या मानाने सोपे असते. ‘माझेच बरोबर’ ही मालमत्ता सोडणे फार जड जाते. या आठवड्यात आम्ही त्या घरी जाणार आहोत. दार उघडेल की नाही ठाऊक नाही. आपणही प्रत्येकाने एक दार निवडावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचे हे दिवस आहेत, आणि २० सप्टेंबरला कोरियाचे हुतात्मे संत आंद्रे किम तेगोन व त्यांचे सोबती यांचा सण आहे. तोवर रोज रात्री कुटुंबात जपमाळ म्हणताना एक दशक कोरियाच्या लोकांसाठी म्हणू या. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, सत्तेवर असणाऱ्यांच्या आणि कोंडलेल्यांच्याही.

हे प्रभो, शांतीच्या राजा, तू बंद दारांमधून आत येऊन भयभीत शिष्यांच्या मध्ये उभा राहिलास. जिथे आतून कडी आहे आणि बाहेरून कुलूप, तिथेही तू ये. राष्ट्रांच्या नेत्यांना वेळीच खाली बसून विचार करण्याची सुबुद्धी दे. आणि शत्रू दूर आहे तोवरच सलोख्याचा निरोप घेऊन जाण्याचे धैर्य आम्हां सर्वांना दे. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू