थेंबभर रक्ताची गोष्ट

देवरी-सालेकसा भागात तान्ह्या बाळाची बोटं, पावलं अचानक सुजली आणि ते रडून बेजार झालं, की घरची माणसं आधी दृष्ट काढतात. पण याचं कारण रक्तातही असू शकतं: सिकल सेल आजार. १९५६-५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम या ३२ वर्षांच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, की या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघेही या बदलाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक मात्र सहसा धडधाकट असतात. आजार आईवडील दोघांकडून येतो, म्हणून खापर एकट्या सुनेवर फोडू नये. पहिल्या तपासणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. सोयरीक जुळवण्याआधी ती करून घ्या. शास्त्रज्ञाची मेहनत तिथेच फळाला येते.