परक्या गावातली वही

सांभार म्हणजे कोथिंबीर. नागपुरात हे वाक्य कोणी उच्चारत नाही. बाजारात सांभार मागितला की भाजीवाली जुडी पुढे करते आणि विषय संपतो. मी ते पहिल्यांदा लिहिलं परदेशी शिकायला गेल्यावर, वसतिगृहाच्या खोलीत. माझी सोबतीण पुण्याची होती. सांभारवडी म्हटल्यावर तिला इडलीबरोबरचं सांबार आठवलं. त्या रात्री अभ्यासाची वही बाजूला सारून मी सांभारावर दोन पानं लिहिली.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, निघतात, बडग्यांचे पुतळे निघतात, इडापिडा घेऊन जा म्हणून इतवारी-महालातल्या गल्ल्या दणाणतात, हे मी वर्गातल्या एका मैत्रिणीला सांगत होते. तिने विचारलं, गावाची पिडा बाईच्याच रूपात का बाहेर काढता? लहानपणापासून बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली मिरवणूक, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. काळ्या मारबतीशी नागपूरच्या राजघराण्यातल्या, इंग्रजांना मिळाल्या म्हणून बोल लागलेल्या बाकाबाई भोसले यांचं नाव जोडतात, ती गोष्ट मला ऐकून माहीत होती. पण ते उत्तर पुरेना. मी लिहायला बसले आणि पहाटेपर्यंत लिहीत राहिले.

दूर गेलेली माणसं घरच्या आठवणीने लिहितात असं आपण समजतो. मला वाटतं, आठवण हे अर्धंच कारण आहे. जे घरी कोणी विचारत नाही ते तिथे समजावून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता आपलं आपल्यालाच ते नव्याने दिसतं.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचं हेच झालं असावं. रायपूरला जन्मलेला, अमरावतीत शिकलेला हा तरुण १९०६ साली अमेरिकेला गेला आणि इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. १९०९ मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिथेच निघालं. तेव्हा वय पंचवीस. जात म्हणजे काय, हे अमरावतीच्या आळीत कोणाला सांगायची गरज नव्हती, तिथे ती पाण्याच्या घड्यापासून पंगतीपर्यंत दिसत होती. तिची व्याख्या करावी लागली ती जिथे ती कोणी पाहिलेली नव्हती तिथे. जातीत जन्मलेल्यालाच तिचं सभासदत्व, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी, अशी तिची दोन लक्षणं त्यांनी मांडली.

सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आणखी एका मराठी विद्यार्थ्याने निबंध वाचला. भीमराव आंबेडकर, वय तेही पंचवीस. विषय पुन्हा जातच. परदेशी पंडितांच्या व्याख्या तपासून ते केतकरांपाशी येतात, केतकर इथलेच आणि त्यांनी हा विषय खुल्या मनाने अभ्यासला म्हणून त्यांची कदर करतात, आणि मग म्हणतात की ही दोन लक्षणं वेगळी नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की बाहेरच्याचा प्रवेश आपोआप बंद होतो. तिथून ते विधवा, सती, बालविवाह यांच्यापर्यंत पोचतात. एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलं म्हणून दुसऱ्याला ते खोडता आलं, पुढे नेता आलं. ‘आधी शिक्षण पूर्ण कर, मग लिही’ हे मलाही पुष्कळांनी सांगितलं होतं. या दोघांचं लेखन त्यांच्या शिक्षणातच घडलं. लिहिणं हीच त्यांची शिकण्याची रीत होती.

भाषेचा प्रश्न उरतोच. दोघांनी तिथे इंग्रजीत लिहिलं, कारण ऐकणारे इंग्रजीचे होते. पंडिता रमाबाईंनी मात्र अमेरिका पाहून आल्यावर १८८९ साली तिथल्या लोकस्थितीचं पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांना सांगायचं होतं ते इथल्यांना. केतकरही परतल्यावर मराठीकडे वळले. त्यांच्या मराठी ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात नागपुरात झाली, पुढे ते पुण्याला गेलं आणि तेवीस खंड उभे राहिले. ज्ञानकोश हाती घेतला की मला वाटतं, इथाकाला लागलेली समजावून सांगायची सवयच इथे आपल्या माणसांच्या कामी आली आहे. माझी वही मराठीतच राहिली. शोधनिबंध इंग्रजीत लिहीत होते, पण जे अजून कळलेलं नव्हतं ते मराठीतच कळायचं.

मारबतीवरची ती पानं अजून अपुरी आहेत. दरवर्षी पोळ्याला काढते, दोन ओळी वाढतात.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेले. रस्त्याच्या कडेला पुस्तकांची दुकानं दूरवर लागली होती. एका ताडपत्रीवर आंबेडकरांच्या कोलंबियातल्या त्या निबंधाची मराठी पुस्तिका होती, पातळशी. माझ्या पुढे एक आजी होत्या, गाठोडं काखेत, सोबत शाळकरी नात. नातीने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. आजींनी पदराची गाठ सोडली, पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, ‘गाडीत वाचून दाखव मले.’