पावतीवर नसलेले ऋण

परदेशातील गोल्फ अकादमीत महिनाभर शिकायला जाणारी मुले पुष्कळदा एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे राहतात. राहण्याजेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. मग त्या घराचे काही ऋण उरते का?

हिशेबाच्या वहीप्रमाणे नाही. जमा-नावे जुळले की खाते बंद. पण ज्या खेळासाठी मूल तिथे गेले, तो खेळच वेगळे शिकवतो. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही. नियम मोडला तर दंडाचा फटका आपला आपणच मोजायचा. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स यांनी आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. एक फटका वाढला, बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत विली मॅकफार्लेन जिंकले. या प्रामाणिकपणाचे कौतुक जोन्स यांना रुचले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. साक्षीभाव याहून वेगळा तो काय?

यजमानांच्या घरीही पंच नसतो. आपल्यासाठी रात्री जागणारी, वेगळे भांडे घासणारी बाई पावतीवर दिसत नाही. आपल्याकडे अतिथीला देव मानतात खरे, पण ती शिकवण यजमानासाठी आहे. पाहुण्याने ती स्वतःला लावून घेऊ नये.

मग शाकाहाराचा आग्रह धरावा का? जरूर धरावा, पण कुटुंब ठरवतानाच. आयत्या वेळी ताटावर बसून सांगितलेले व्रत यजमानाला पाळावे लागते. आणि डाळ-भात शिकायला आठवडा पुरतो.