थिजलेल्या खोलीबाहेर

बैठक ऐन रंगात आलेली असताना मार्टी कान सगळं थांबवतो. खोलीतली माणसं होती तशी थिजतात. कुणाचा कप ओठांपाशी राहतो, कुणाचं बोट हवेत. मार्टी त्यांच्यामधून मोकळा हिंडतो आणि थेट आपल्याकडे पाहत धंद्यातली मेख सांगतो: क्लायंटला आधी घाबरवायचं कसं, आणि हातातलं काम संपण्याआधी पुढच्या कामाचं बी त्यातच पेरून ठेवायचं कसं. मग खोली पुन्हा जिवंत होते आणि आपण हसतो, कारण आता आपणही त्याच्या बाजूचे झालेले असतो.

‘हाउस ऑफ लाइज’ ही अमेरिकी मालिका शोटाइम वाहिनीवर जानेवारी २०१२मध्ये सुरू झाली आणि २०१६पर्यंत तिचे पाच हंगाम झाले. ती मार्टिन किन यांच्या २००५च्या पुस्तकावर बेतलेली होती. आधी टीव्हीसाठी लिहिणारे किन एमबीए करून बूझ अॅलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीत गेले आणि तिथलं पाहिलेलं त्यांनी लिहून काढलं. सल्लागार तुमचंच घड्याळ घेतो आणि तुम्हाला वेळ सांगतो, ही या धंद्याविषयीची जुनी थट्टा. पुस्तकाचा आणि मालिकेचा पाया तोच.

मालिकेचं स्वागत संमिश्र झालं. मार्टी साकारणाऱ्या डॉन चीडलच्या कामाबद्दल फारसा वाद नव्हता. जानेवारी २०१३मध्ये त्याला गोल्डन ग्लोबही मिळालं. मार्टीचा मुलगा रॉस्को हा मुलांचे कपडे कुठले आणि मुलींचे कुठले, हे न मानणारा. त्याच्यासमोर गोंधळलेला, तरी त्याला घट्ट धरून ठेवणारा बाप अनेकांना भावला. पण बाकीचा मसाला, म्हणजे दारू, शरीरसंबंध आणि एकमेकांवरची अर्वाच्य शेरेबाजी, बऱ्याच समीक्षकांना सवंग वाटला. अशा माणसांशी आपण नातं का जोडावं, असा त्यांचा प्रश्न होता. धंद्यातल्या लोकांचं म्हणणं वेगळं. आमचे दिवस इतके रंगेल नसतात, ते विमानतळावर आणि एक्सेलच्या तक्त्यांमध्ये जातात, असं ते सांगत.

मला धंद्यातल्या लोकांचं म्हणणं खरं वाटतं आणि म्हणूनच मालिकेबद्दलची माझी तक्रार अधिक गंभीर आहे. मार्टी आणि त्याचे साथीदार वाईट आहेत हे दाखवायला मालिका त्यांना बेताल करते. पहिल्याच भागात गृहकर्ज देणारी एक बडी कंपनी आहे. लोकांची घरं जप्त होत असताना अधिकाऱ्यांना बोनस कसा द्यायचा, हा तिचा पेच. विषय केवढा मोठा! पण आपल्या लक्षात राहतो तो रात्रीचा धिंगाणा. खरं नुकसान शुद्धीत असलेल्या, सभ्य, वेळेवर येणाऱ्या माणसांच्या हातून होतं, आणि ते एका स्लाइडवर मावतं.

अशी एक स्लाइड जगासमोर आली आहे. ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक विकणाऱ्या पर्ड्यू फार्माला २०१७मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने विक्री टिकवण्याचे काही पर्याय मांडून दिले. त्यातला एक असा होता: ज्या कंपन्यांमार्फत गोळ्या विकल्या जातात, त्यांच्या ग्राहकांपैकी ज्यांना अतिसेवनाचा झटका येईल, त्या प्रत्येकामागे कंपनीला सूट द्यायची. एका घटनेमागे १४,८१० डॉलर, असा एक आकडा होता. २०१९मध्ये सीव्हीएस या एका कंपनीच्या किती ग्राहकांना असा झटका येईल किंवा व्यसन जडेल, याचाही अंदाज होता: २,४८४. मी हा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. दोन हजार पाचशे असा ढोबळ नव्हे, शेवटच्या चार माणसांपर्यंत नेमका. कुणीतरी तो नीट तपासला असेल, रकान्यात बसवला असेल, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला असेल. ती माणसं तेव्हा जिवंत होती. या प्रकरणात मॅकिन्झीने २०२१मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी ५७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली आणि २०२४च्या डिसेंबरात संघराज्य सरकारशी ६५ कोटींची. मार्टी कानला अशी स्लाइड सुचली नसती. ती सुचायला फार शांत मन लागतं.

मालिकेचा पहिला हंगाम संपून दोन-अडीच महिने होतात तोच, १५ जून २०१२ला न्यूयॉर्कच्या ज्यूरीने रजत गुप्तांना दोषी ठरवलं. कोलकात्यात जन्मलेले, आयआयटी दिल्लीत शिकलेले गुप्ता १९९४ ते २००३ मॅकिन्झीचे प्रमुख होते. गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळात कळलेली गोपनीय माहिती त्यांनी शेअर बाजारातल्या मित्राला पुरवली, हा गुन्हा. आपल्याकडच्या घराघरांत ज्यांचं उदाहरण मुलांना दिलं जात होतं, त्या माणसाचं हे व्हावं याचं मला तेव्हा खरंच दुःख झालं होतं.

आणि मुंबई. २००३मध्ये बॉम्बे फर्स्ट ही उद्योजकांची संस्था आणि मॅकिन्झी यांनी ‘व्हिजन मुंबई’ हा अहवाल मांडला. दहा वर्षांत जागतिक दर्जाचं शहर, हे त्याचं स्वप्न. लोकलची गर्दी, पाणी, घरांचे भाव यांविषयी त्यात विचार करण्यासारखं पुष्कळ होतं, हे मान्य करायला हवं. झोपडपट्टीत राहणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून अधिक आहे ते १० ते २० टक्क्यांवर आणायचं, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरपासून सरकारने झोपड्या पाडायची मोठी मोहीम काढली आणि हजारो कुटुंबं थंडीत उघड्यावर आली. अहवालाने बुलडोझर पाठवा असं म्हटलं नव्हतं. पण टक्का खाली आणायचा म्हणजे माणसं नेमकी कुठे जाणार, हे ज्या खोलीत ठरत होतं, तिथे त्या माणसांना खुर्ची नव्हती.

मालिकेच्या पाच हंगामांत हेच मला सलत राहिलं. मार्टी खोली थिजवतो तेव्हा खोलीतले गलेलठ्ठ पगाराचे लोक थिजतात; ज्यांच्यावर निर्णय कोसळणार ते लोक क्वचितच पडद्यावर येतात. शेवटचा भाग हवानात चित्रित झाला. इतक्या दूर जायची तयारी होती, तर मला एक भाग इमारतीच्या तळमजल्यावरचा हवा होता. मार्टी नेहमीसारखी बैठक थांबवतो, आपल्याकडे वळून बोलायला लागतो आणि बोलता बोलता दार उघडून लिफ्टने खाली येतो. खाली फरशी पुसणारी बाई आहे, पहारेकरी आहे, कामावरून काढल्याचं पत्र हातात घेतलेला एक माणूस आहे. यांतलं कुणीच थिजलेलं नाही. ते त्याचं बोलणं ऐकतायत.