मंदिरातील वस्तू: मूर्ती की दान?

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होत असतो. ज्या वस्तूवर लोकांनी देवावर ठेवावयाचा भरवसा ठेवला, ती वस्तू दूर करणे हे उपदेशकाचे कर्तव्य होय, ह्यात संशय नाही. मोशेने केलेला पितळी सर्पदेखील, लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा, हिज्कीया राजाने फोडून टाकला. परंतु अशी वस्तू कोणी, केव्हा व कोणत्या रीतीने दूर करावी, आणि ती उपटताना तिच्या मुळांबरोबर आणखी काय उपटून येते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ह्या प्रश्नावर प्रकाश पाडणारी एक खरी हकीकत आज आपणांपुढे ठेवतो.

इंग्लंडातील मध्ययुगीन खेड्यातले मंदिर सामान्यतः पूर्वाभिमुख व दोन भागांचे असे. पश्चिमेकडील मोठा भाग लोकांचा, व पूर्वेकडील लहान भाग वेदीचा. दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडी जाळीचा पडदा असून त्याच्या वर वधस्तंभावरील प्रभूची मोठी प्रतिमा, व तिच्या दोन्ही बाजूंस मरीया व योहान ह्यांच्या प्रतिमा असत. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड बहुधा दाराजवळ असे. कारण बाप्तिस्मा हे मंडळीत येण्याचे द्वार होय. प्राचीन काळी बसावयास बाके नसत. काही मंदिरांत भिंतीलगत दगडी कट्टा असे, तेवढाच वृद्धांना आधार. बाके सर्वत्र झाली ती पुढे, पंधराव्या शतकाच्या सुमारास. भिंती पांढऱ्या नसून चित्रांनी भरलेल्या असत. कारण बहुतेक लोकांना वाचता येत नसे. वेदीच्या भागाची दुरुस्ती धर्मगुरूच्या पदाकडे, आणि लोकांच्या भागाची दुरुस्ती लोकांकडे, अशी तेथील वहिवाट होती. म्हणून शेतकरी त्या भिंतींस 'आमच्या' म्हणे, ते अधिकाराने म्हणे.

डेव्हन परगण्यातील मोरबाथ हे असेच एक डोंगराळ गाव. तेथे अवघी 33 कुटुंबे राहत. 1520 पासून 1574 साली मरण पावेपर्यंत ख्रिस्तोफर ट्रिकी हा तेथील धर्मगुरू होता. मंडळीचा जमाखर्च तो स्वतः लिही व लोकांस मोठ्याने वाचून दाखवी. त्या वह्या आजपर्यंत टिकल्या आहेत, आणि ईमन डफी ह्या इतिहासकाराने 2001 साली त्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वह्यांवरून असे दिसते की, मंदिरातील दिव्यांच्या खर्चासाठी मंडळीच्या मालकीची मेंढरे असत, आणि ती गावातील निरनिराळी कुटुंबे आपल्या कळपांबरोबर चारीत. लोकर विकून मेणबत्त्या येत. तरुणांचा एक निधी असे, कुमारिकांचा दुसरा असे, आणि प्रत्येकाचा हिशेब त्यांच्यातीलच कारभारी देत. मृतांच्या उपासनेसाठी काळी धर्मवस्त्रे घ्यावीत म्हणून ट्रिकीने सुमारे वीस वर्षे थोडे थोडे करून पैसे साठविले. ती वस्त्रे 1547 साली आली.

त्याच साली इंग्लंडच्या गादीवर नवा राजा बसला. प्रतिमांपुढील बहुतेक दिवे 1538 च्या हुकुमानेच बंद झाले होते. आता 1548 साली सर्व प्रतिमा काढण्याचा हुकूम झाला. मेंढरे विकली गेली, निधी मोडले, आणि ज्या उपासनेसाठी वीस वर्षे पैसा साठविला ती उपासनाच बंद झाली. 1549 साली पश्चिमेकडील लोकांनी बंड केले, तेव्हा ह्या लहानशा गावाने पाच तरुण बंडवाल्यांच्या छावणीकडे पाठविले. बंड मोडले, हजारो माणसे मारली गेली. पुढे 1553 साली मेरी राणी आली, तेव्हा गावकऱ्यांनी घराघरांत लपवून ठेवलेल्या वस्तू परत आणून दिल्या.

आता न्याय कसा करावा? सुधारकांचा सिद्धांत आपण सोडू शकत नाही. प्रतिमेपुढे दिवा लावल्याने पाप धुतले जाते अशी समजूत असेल, तर ती मोडलीच पाहिजे. शिवाय त्याच 1538 साली प्रत्येक मंदिरात इंग्रजी शास्त्र ठेवण्याचा हुकूम झाला होता. शास्त्र लोकांच्या भाषेत असावे, ह्या तत्त्वाचे फळ आपणही मराठी शास्त्राच्या रूपाने खात आहों. बंडवाल्यांना तर लॅटिन उपासना परत हवी होती. तेव्हा लोक दुःखी आहेत एवढ्यावरून लोकांचे म्हणणे खरे ठरत नाही.

परंतु सिद्धांत खरा असला म्हणजे कृती निर्दोष ठरते असेही नाही. मोरबाथच्या मेणबत्तीत दोन गोष्टी एकत्र जळत होत्या: एक खोटा भरवसा, आणि दुसरे खरे दान. मेंढरू चारणाऱ्या शेतकऱ्याचे श्रम, कुमारिकांचा विश्वासूपणा, गरिबालाही मंडळीच्या कामात मिळणारा वाटा, हे काही मूर्तिपूजन नव्हते. हुकूम करणाऱ्याने भरवसा मोडला, तो बरोबर मोडला. पण दानासाठी दुसरी जागा करून दिली नाही. सरे परगण्यातील चाल्डन गावच्या मंदिरात सुमारे 1200 सालचे एक मोठे भित्तिचित्र आहे. शिडीवरून आत्मे वर चढत आहेत व खाली पडत आहेत, असा त्याचा विषय. ते कित्येक पिढ्या चुन्याखाली राहिले, आणि सुमारे 1870 साली चुना काढताच पुन्हा दिसू लागले. चुन्याने भिंत पांढरी होते, अंतःकरण होत नाही. अंतःकरण शिकवणीने व प्रीतीनेच पालटते, आणि त्यास वेळ लागतो.

कोणी म्हणेल, 'लोक स्वतः होऊन टाकतील अशी वाट पाहत बसलो, तर ते कधीच टाकणार नाहीत.' हा आक्षेप हलका नव्हे. माझे उत्तर असे की, मनुष्य जिच्यापुढे वाकतो ती वस्तू दूर करण्यास विलंब लावू नये. परंतु जी वस्तू तो देवाला देऊ इच्छितो तिला तोच न्याय लावू नये. हा भेद मी स्वतः उशिरा शिकलो.

सेवेच्या आरंभीच्या वर्षांत मी एका खेड्यात असता, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली एक वृद्ध विधवा पितळेची समई घेऊन आली. पूर्वी ती समई तिच्या घरच्या देवांपुढे जळत असे. ती म्हणाली, "पाळकसाहेब, देव तर मी सोडले. ही घासून आणली आहे. रात्रीच्या प्रार्थनेला मंदिरात अंधार असतो, तिथं हिचा उजेड पडू द्या." मी शास्त्र सांगून तिला परत पाठविले. समई तिने मोडीत घातली, आणि आलेले पैसे निमूटपणे रविवारच्या थैलीत टाकले. त्यानंतर ती पुष्कळ दिवस मागच्या रांगेत, दाराशी बसत असे. आजीने मूर्ती मागे टाकून दान पुढे आणले होते. मला मात्र तिच्या हातात मूर्तीच दिसली. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने पाहिले, तसे पाहण्याचे डोळे मला तेव्हा नव्हते.

म्हणून प्रिय उपदेशकबंधूंनो, कोणाच्या घरातील किंवा मंदिरातील वस्तूस हात लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. हा मनुष्य हिच्यापुढे वाकतो काय? आणि हिच्या द्वारे तो देवाला काय देऊ पाहत आहे? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल, तर निर्भयपणे पण प्रीतीने शिकवा, आणि वस्तू दूर करा. दुसऱ्याचे उत्तर मिळाले, तर त्या दानासाठी मंडळीत जागा करा. निवासमंडपासाठी इस्राएल लोकांनी मिसर देशातून आणलेले सोनेरुपे आणले, तेव्हा ते पूर्वी कोणाच्या घरी होते हे देवाने विचारले नाही. देणाऱ्याचे मन राजी आहे काय, एवढेच पाहिले. आपली मंदिरे लहान आहेत, भिंती साध्या आहेत. पण देणाऱ्याला दारातून परत पाठविण्याइतकी एकही मंडळी श्रीमंत नाही.