नसलेल्या खाचा

कोकणात अजूनही कितीतरी घरांत एखादी ठासणीची बंदूक असते. आजोबांनी डुकरं-माकडं हाकायला परवाना काढलेला असतो. ते जातात, परवाना वारसाच्या नावावर होतो आणि बंदूक माळ्यावर. मग कधीतरी नातवाच्या मनात येतं, ही नीट करून घ्यावी. तेव्हा कारागीर पारखून निवडावा, कारण दीडशे वर्षांच्या गंजानं केलं नसेल एवढं नुकसान एखादा उत्साही माणूस एका दुपारी करून ठेवतो.

जाणता कारागीर त्याच्या पहिल्या हालचालीवरूनच ओळखू येतो. घोड्याला हात लावण्याआधी तो ठासायचा गज नळीत अलगद सोडतो, नळीच्या तोंडाशी गजावर बोटानं खूण धरतो, गज बाहेर काढतो आणि तोच नळीला बाहेरून लावून बघतो. गज तळापर्यंत पोचला नसेल, दोन-तीन बोटं कमी पडत असेल, तर आत काहीतरी आहे. कधी तो नुसता कचरा असतो, कधी पणजोबांनी ठासलेला बार. काळी दारू कोरडी राहिली असेल तर कितीही वर्षांनी पेट घेते. ठासलेला बार काढायची सोपी वाट म्हणजे तो उडवणं, म्हणून पुष्कळ बंदुका भरलेल्याच माळ्यावर गेल्या. ही तपासणी न करता जो थेट स्क्रू सोडवायला बसतो, त्याच्यापुढून बंदूक उचलावी.

त्यानंतर तो विचारतो, चालवायची आहे की जपायची? कायद्याचाही रोख ह्याच प्रश्नावर आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचं ४५वं कलम कालबाह्य धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगं नसेल तरच. घरातली बंदूक थोड्या खटपटीनं बार काढू शकत असेल तर ती कायद्याच्या लेखी हत्यारच आहे. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. गावातल्या लेथवाल्याकडे गुपचूप नेण्याची गोष्ट म्हणूनच मनातही आणू नये.

माझं मत विचाराल तर जपावी. त्या काळच्या पुष्कळ नळ्या लोखंडी पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून सांधलेल्या असत, आणि सांध्यात गंज किती खोल गेलाय हे बाहेरून कळत नाही. आजोबांच्या बंदुकीचा आवाज एकदा ऐकावा ही ओढ मला समजते. पण त्या आवाजाच्या मोबदल्यात हाताची बोटं पणाला लावायची नसतात.

जपायची ठरली की कारागिराचं कसब बहुतेक हात आवरण्यात असतं. भुसभुशीत लाल गंज तेल लावून, मऊ चिंधीनं, दिवसेंदिवस पुसत काढायचा. खाली बसलेली तपकिरी झाक मात्र तशीच राहू द्यायची. बफ मारून नळी चकाकवली की तिच्यावरचे शिक्के जातात. एन्फिल्ड घराण्यातली बंदूक असेल तर घोड्याशेजारच्या पट्टीवर पुष्कळदा मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि साल कोरलेलं असतं. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ती अक्षरं पुन्हा येत नाहीत.

एन्फिल्डच्या बाबतीत तर एक गोष्ट मनाला फार लागते. १८५३च्या नमुन्याच्या ह्या रायफलीची नळी ३९ इंचांची, आत तीन मळसूत्री खाचा, तोंड ०.५७७ इंचांचं. चरबीच्या काडतुसांवरून १८५७मध्ये देश पेटला, ती हीच. उठाव शमल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८चा वेगळा नमुना काढला. तोंड सुमारे ०.६५ इंचांपर्यंत मोठं, आत खाचा नाहीत, आणि पल्ल्याप्रमाणे वरखाली होणाऱ्या माशीऐवजी एकच पक्की माशी. बाहेरून पाहावं तर तीच बंदूक. नेम मात्र कितीतरी कमी. ज्यांच्या हाती ती दिली त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता, आणि तो अविश्वास नळीच्या आत कोरून, खरं तर कोरीव पुसून, ठेवलेला आहे.

अशी बंदूक घेऊन कुणी नातू येतो आणि म्हणतो, आत नव्या खाचा पाडून हिला खरी रायफल करा. पैसे मिळत असताना ह्याला नाही म्हणणारा कारागीर मला थोर वाटतो. तो नळी आतून स्वच्छ करील, घोड्याची ढिली कमान बसवील, दस्त्याची चीर सांधून वर जवसाचं तेल चोळील, आणि ती गुळगुळीत नळी गुळगुळीतच ठेवील. काढलेला प्रत्येक जुना स्क्रू, झिजलेलं निपल, सगळं पुडीत बांधून तो बंदुकीबरोबर परत देतो की नाही, हे काम सोपवण्याआधीच विचारून घ्यावं.